डायरी तिची, देखरेख आपली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी नऊ वर्षांची. वाढदिवसाला तिला तारखा छापलेली, छोटं कुलूप असलेली छान डायरी दिली. पहिले काही दिवस उत्साह होता, आता रोज रात्री ‘डायरी लिहिलीस का?’ यावरून वाद. लिहिते ते ‘आज शाळेत गेले. मजा आली. घरी आले’ एवढंच, आणि त्यातही शुद्धलेखनाच्या चुका. सवय कशी लावायची, चुका सुधारायच्या का, बक्षीस ठेवलं तर चालेल का, आणि तिने लिहिलेलं आपण वाचायचं का, असं तुम्ही विचारलं आहे. शिवाय सहा वर्षांचा धाकटाही ‘मला पण डायरी’ म्हणून मागे लागला आहे.

मी प्राथमिकच्या मुलांना बरीच वर्षं भाषा शिकवते आहे आणि त्यांचे लेखनाचे वर्गही घेते. पालकांकडून हेच प्रश्न थोड्याफार फरकाने येत राहतात आणि माझ्या मते या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : ती वही नक्की कोणाची? तोंडाने आपण ‘तुझी’ म्हणतो. पण कधी लिहायचं ते आपण ठरवतो, किती लिहायचं ते आपण ठरवतो, चुका आपण काढतो आणि शेवटी वाचतोही आपणच. मग गृहपाठात आणि तिच्यात फरक काय उरला? मुलांना हे फार लवकर उमगतं. ती बोलून दाखवत नाहीत, ‘मजा आली’ लिहून मोकळी होतात. या वाक्यात कोणी चूक काढू शकत नाही, त्यावर कोणी जास्तीचा प्रश्न विचारत नाही आणि पान भरल्यासारखं दिसतं. मुलीला लिहिता येत नाही असा अर्थ त्यातून काढू नका.

वाचणारा कोण आहे यावर लिहिणं किती बदलतं याचं ठळक उदाहरण म्हणजे अ‍ॅन फ्रँक, दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेली ज्यू मुलगी. तिला वही मिळाली १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला. त्यात ती ‘किटी’ नावाच्या काल्पनिक मैत्रिणीला पत्रं लिहू लागली. पुढे २८ मार्च १९४४ ला लंडनहून होणाऱ्या डच रेडिओ प्रसारणात नेदरलँड्सच्या परागंदा सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी लोकांना युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवायला सांगितलं. ते ऐकल्यावर मे महिन्यापासून अ‍ॅनने स्वतःचीच डायरी नव्याने लिहायला घेतली. काही मजकूर गाळला, काही वाढवला, वाक्यं घासूनपुसून घेतली. मुलगी तीच, घटना त्याच, फक्त आता समोर अनोळखी वाचक होते. तुमच्या मुलीला लिहिताना समोर कोण दिसतं, याचा एकदा विचार करून बघा.

आता वहीबद्दल. तारखा छापलेली डायरी मुलांना देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन दिवस राहून गेले की तीन कोरी पानं डोळ्यांत खुपतात, आठवडा गेला की मूल ती डायरी उघडायचंच टाळतं. मोठ्यांचंही तेच होतं, पण मोठी माणसं ती कपाटात टाकून विसरून जातात, मुलांना मात्र रोज आठवण करून दिली जाते. त्यापेक्षा साधी, बिनतारखांची, हाताळायला लहान आणि टेबलावर उघडी ठेवली तर उघडीच राहणारी वही घ्या. एका बाजूला आखीव आणि दुसऱ्या बाजूला कोरी असेल तर उत्तम, कारण या वयात शब्द संपले की चित्र सुरू होतं. फार सुंदर वही देऊ नका. सुंदर वहीत खाडाखोड करायला मुलं घाबरतात. तिला तारीख घालायची सवय मात्र लावा, पुढे जुनी वही चाळताना तिला त्याचा उपयोग होईल.

‘रोज’ हा शब्दही सोडून द्या. आठवड्यातून दोनदा लिहिलं तरी ती डायरीच आहे. वेळ झोपण्याआधीचीच असावी असंही काही नाही. नऊ वर्षांचं मूल रात्री थकलेलं असतं, तेव्हा हातही चालत नाही आणि डोकंही. दुपारी शाळेतून आल्यावर किंवा सुट्टीच्या सकाळी दहा मिनिटं पुष्कळ झाली. एक उपाय मात्र बहुतेक घरांत चालतो : त्या दहा मिनिटांत तुम्हीही स्वतःची वही घेऊन बसा. तिच्याकडे बघत बसायचं नाही, खरोखर काहीतरी लिहायचं. मोठं माणूस लिहिताना अडखळतं, पेन चावतं, खोडतं, हे मुलांना सहसा बघायलाच मिळत नाही.

आता खरी अडचण, म्हणजे ‘काय लिहू?’ इथे जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक गाड्या इथेच अडतात.

‘आज काय काय झालं ते लिही’ ही सूचना मुलांसाठी फार मोठी आहे. अख्खा दिवस समोर आला की त्यातून निवडायचं काय हेच कळत नाही, मग मूल उठल्यापासून झोपेपर्यंतची यादी देतं. मी वर्गात सांगते : आजच्या दिवसातलं एकच मिनिट निवडा. पण लगेच लिहायचं नाही, आधी बोलायचं. एकदा एका मुलाने ‘खेळाच्या तासाला मजा आली’ एवढंच लिहून वही मिटली होती. आमचं बोलणं साधारण असं झालं.

‘मजा कधी सुरू झाली?’

‘चेंडू झाडावर अडकला तेव्हा.’

‘मग?’

‘सर म्हणाले, कोणी वर चढायचं नाही.’

‘मग चेंडू काढला कसा?’

‘काढलाच नाही! एकाने बूट फेकला, तर तोही अडकला.’

हे सांगताना तो स्वतःच हसायला लागला. मी म्हटलं, ‘आत्ता सांगितलंस ना, तेवढंच लिही.’ त्याने लिहिलं : ‘चेंडू झाडात अडकला. सर म्हणाले कोणी चढायचं नाही. मग एक बूट फेकला. तो पण अडकला. मग आम्ही सगळे सरांच्या बुटांकडे बघायला लागलो.’ शेवटचं वाक्य त्याने मला बोलताना सांगितलंच नव्हतं, ते लिहिता लिहिता सुचलं. बोलून झालं की लिहिताना आठवणीचा पुढचा धागा हाती लागतो आणि ‘मजा’ हा शब्द न वापरताही मजा कळते.

इथे प्रश्न कसा विचारता याला महत्त्व आहे. रॉबिन फिवुश, एलेन रीस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी आईवडील आणि लहान मुलं मिळून जुन्या गोष्टी कशा आठवतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. जे पालक मोकळे प्रश्न विचारतात आणि मुलाच्या उत्तरात स्वतःची थोडी भर घालतात, त्यांची मुलं पुढे अशा गोष्टी जास्त तपशिलाने सांगू लागतात. मनात एक उत्तर धरून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यांच्या मुलांमध्ये तेवढी वाढ दिसत नाही. ‘तुला आवडलं का?’ याचं उत्तर ‘हो’ आणि विषय संपला. ‘तेव्हा तू कुठे उभी होतीस?’, ‘कोण काय म्हणालं?’, ‘आवाज कसा आला?’ असे प्रश्न विचारले की डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं. ‘तुला कसं वाटलं?’ हा प्रश्न मी सहसा शेवटी ठेवते. मुलांना घटना सांगता येते, भावनेचं नाव सांगणं त्यांना जड जातं, आणि घटना नीट सांगितली की भावना बऱ्याचदा त्यात आलेलीच असते.

दिवसाचा वृत्तान्त नको असेल तर इतर कितीतरी गोष्टी वहीत मावतात. बसमध्ये कानावर पडलेलं कोणाचं तरी विचित्र वाक्य. उत्तर न मिळालेला प्रश्न. आवडत नाहीत अशा गोष्टींची यादी (ही यादी मुलं अतिशय तळमळीने लिहितात). घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा. खिडकीतून दिसणाऱ्या एकाच झाडाची नोंद, दर आठवड्याला. भावाविरुद्ध तक्रारअर्ज. चिकटवलेलं तिकीट आणि खाली दोन शब्द. शास्त्रज्ञांच्या वह्या बघितल्या तर त्याही अशाच असतात. चार्ल्स डार्विनने जुलै १८३७ मध्ये सुरू केलेल्या वहीत ‘मला वाटतं’ असे दोनच शब्द लिहून खाली झाडाच्या फांद्यांसारखी एक ओबडधोबड आकृती काढली होती. सगळ्या सजीवांचं एकमेकांशी असलेलं नातं त्याने त्या आकृतीत मांडून पाहिलं. वही ही अर्धवट विचारांची जागा आहे, हे मुलांना सांगायला मला हे पान फार उपयोगी पडतं.

शुद्धलेखन. डायरीत चुका सुधारू नका. एकही नाही. चार्ल्स रीड या भाषाअभ्यासकाने १९७१ मध्ये शाळेत जाण्याआधीच लिहू लागलेल्या इंग्रजी भाषक मुलांच्या स्पेलिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला दिसलं की त्या चुका अंदाधुंद नव्हत्या. मुलं कानाला ऐकू येईल तसं, स्वतःच्या नियमाने लिहीत होती. ‘ट्रक’चा पहिला आवाज त्यांना ‘च’च्या जवळचा वाटत होता, म्हणून ती तसं लिहीत. आपल्याकडेही मूल ‘आणी’, ‘परंतू’ लिहितं तेव्हा ते बरोबरच ऐकत असतं, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी आपण दीर्घच उच्चारतो. नियम अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो, एवढंच. तो पोहोचवायला शाळेचं लेखन आहे, श्रुतलेखन आहे, वाचन आहे. डायरीत वेलांटी दुरुस्त केली की पुढच्या वेळी मूल फक्त खात्रीचे शब्द वापरतं. ‘भयंकर’ लिहायचं होतं, पण अनुस्वार कुठे द्यायचा कळेना, म्हणून ‘वाईट’ लिहून मोकळं होतं. हे नुकसान चुकलेल्या वेलांटीपेक्षा मोठं आहे. तिने स्वतःहून ‘हा शब्द कसा लिहायचा?’ असं विचारलं तर सरळ सांगून टाका, व्याख्यान नको.

धाकट्याला वही जरूर द्या, पूर्ण कोरी. सहाव्या वर्षी अक्षर गिरवण्यातच एवढी ताकद खर्च होते की मजकुरासाठी काही उरत नाही. तोंडाने पाच मिनिटं बोलणारा मुलगा कागदावर तीन शब्द लिहून दमतो. त्याला चित्र काढू द्या आणि ‘यात काय चाललंय?’ असं विचारून तो सांगेल ते शब्दशः खाली लिहा. शब्दशः म्हणजे खरंच शब्दशः. ‘मी पडलो आणि मग रस्ता माझ्यावर पडला’ असं तो म्हणाला तर तेच लिहायचं, सुधारून ‘मी रस्त्यावर पडलो’ करायचं नाही. मग बोट ठेवत त्याला वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर थांबतं आणि पुन्हा तसंच ऐकू येतं, हा शोध त्याच्यासाठी मोठा असतो. काही महिन्यांत तो ‘हा शब्द मी लिहितो’ म्हणू लागेल. तोपर्यंत घाई करू नका, आणि मोठीला ‘बघ, तो रोज काढतो’ असं तर अजिबात ऐकवू नका.

बक्षिसाबद्दल एक जुना प्रयोग सांगते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्र काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसतीच मांडून ठेवली, तेव्हा आधी बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी चित्र काढण्यात बाकीच्यांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ घालवला. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणून पानामागे चॉकलेट, महिन्याला खेळणं असले करार करू नका. वही संपली म्हणून तिच्याबरोबर जाऊन नवी वही निवडणं वेगळं, ते कामाचा मोबदला म्हणून दिलेलं नाही. ‘किती छान लिहिलंस!’ हे कौतुकही जपून वापरा. त्याने मूल पुढचं पान तुमच्या ‘छान’साठी लिहू लागतं. ‘सरांच्या बुटांचं वाचून मला हसू आलं’ हे जास्त चांगलं, कारण त्यात गुण दिलेले नाहीत, तुम्ही खरंच वाचलंत एवढंच कळतं. अर्थात, तिने आपणहून वाचायला दिलं असेल तरच.

आता तो वाचण्याचा प्रश्न. माझं उत्तर : तिला न विचारता वाचू नका, उशीखाली सापडली तरी. बियाट्रिक्स पॉटर ही पुढे मुलांच्या गोष्टींसाठी जगभर प्रसिद्ध झालेली लेखिका किशोरवयापासून वयाच्या तिशीपर्यंत स्वतःच्या सांकेतिक लिपीत डायरी लिहीत होती. लेस्ली लिंडर या संग्राहकाने ती लिपी उलगडली १९५८ मध्ये, तेव्हा तिला जाऊन पंधरा वर्षं होत आली होती. सगळ्याच मुलांना लिपी शोधणं जमत नाही. त्यांची सांकेतिक लिपी म्हणजे ‘मजा आली’. चोरून वाचल्याचं मुलांना कळतंच, वही ठेवल्या जागेवरून जराशी हललेली असते. आणि त्याहून वाईट म्हणजे डायरीतली गोष्ट भांडणात बाहेर काढणं किंवा पाहुण्यांसमोर कौतुकाने वाचून दाखवणं. हे एकदा झालं की पुढची कित्येक वर्षं ती वहीत खरं लिहिणार नाही.

पण तिचं लिहिलेलं वाचावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि पुष्कळ मुलांनाही कोणीतरी वाचावं असं वाटत असतं. त्यासाठी दुसरी वही करा, संवादाची. लॉस एंजेलिसमधल्या लेस्ली रीड या सहावीच्या शिक्षिका आपल्या विद्यार्थ्यांशी अशा वहीतून रोज लेखी गप्पा मारत, आणि त्यांच्या या पद्धतीचा पुढे अभ्यास झाला. घरी ती सहज जमते. मुलगी लिहून वही तुमच्या टेबलावर ठेवेल, तुम्ही उत्तर लिहून तिच्या टेबलावर ठेवायची. उत्तर कसं असावं? समजा तिने लिहिलं, ‘ती आज माझ्याशी बोललीच नाही.’ यावर ‘मग तू आधी बोलायचंस’ असा सल्ला आला की वही बंद. त्यापेक्षा असं काहीतरी : ‘असं झालं की दिवसभर तेच डोक्यात राहतं. माझ्या ऑफिसात एकीशी माझा असाच अबोला झाला होता, आता कारणसुद्धा आठवत नाही. मग आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’ तिचं ऐकलं, आपलं थोडं सांगितलं, एक प्रश्न विचारला. एकच, चार विचारले तर उलटतपासणी होते. या वहीतही चूक दाखवायची नाही, पण तिने ‘परंतू’ लिहिलं असेल तर तुमच्या उत्तरात तो शब्द योग्य लिहून सहज येऊ द्या. मुलं ते टिपतात. एखादं पान दाखवायचं नसेल तर ते दुमडायचं, आणि दुमडलेलं पान उघडायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका आणि पाळा.

या नियमाला एकच अपवाद, आणि तोही तिला आधीच सांगून ठेवा : तू सुरक्षित नाहीस अशी मला खरी भीती वाटली, तर मी तुझ्याशी बोलेन आणि गरज पडली तर वहीही बघेन. कोणी मारतंय, नको तसा स्पर्श करतंय, धमकावतंय, किंवा मूल स्वतःला इजा करण्याच्या, जगू नये असं वाटण्याच्या गोष्टी बोलतंय, अशा वेळी वहीची गुप्तता दुय्यम ठरते. असं काही नजरेस पडलंच तर ‘हे काय लिहिलंयस?’ म्हणून वही पुढे नाचवू नका. शांतपणे सांगा की मी वाचलं, का वाचलं, आणि तुला ओरडा बसणार नाही. मग ऐका, आणि त्याच दिवशी समुपदेशक किंवा डॉक्टरांशी बोला. पण ‘बाई वाईट आहेत’, ‘मला भाऊ नको’, ‘आई नेहमी ओरडते’ हे वाचून हादरू नका. राग कागदावर उतरला तर चांगलंच आहे.

दुःखाबद्दल लिहिल्याने बरं वाटतं, हे हल्ली सरसकट सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण जरा सांभाळून. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना जास्त उदास वाटत होतं, हा भाग सांगायचा राहून जातो. आणि ते तरुण होते, नऊ वर्षांची मुलं नव्हेत. म्हणून रडत असलेल्या मुलीला ‘जा, डायरीत लिही’ असं म्हणू नका. आधी जवळ घ्या. लिहायचं असेल तर ती नंतर लिहील. तेच ते दुःख रोज उगाळलं जातंय असं जाणवलं तर लिहिणं थोडं बाजूला ठेवून बोलणं वाढवा.

एवढं करूनही ती लिहिणार नाही, असं होऊ शकतं. दोनेक महिने वही हाताशी ठेवा, तुम्ही लिहीत राहा, विचारणा बंद करा. तरी तिने हात लावला नाही तर विषय सोडून द्या. काही मुलं आवाज रेकॉर्ड करतात, काही चित्रमालिका काढतात, काही फक्त खेळताना स्वतःशी बोलतात. त्यांची नोंद ठेवायची रीत वेगळी असते. पुष्कळ मुली बाराव्या-तेराव्या वर्षी आपणहून पुन्हा वही मागतात. तेव्हा ती द्या, आणि कशासाठी हवी आहे ते विचारू नका.